गिझर, दुसरी शेगडी, अंगणातली भट्टी: घरच्या पाइप गॅसचा हिशेब कसा करायचा

नागपुरातल्या प्रत्येक ले-आउटमध्ये पाइपचा गॅस अजून आलेला नाही. पण समृद्धी महामार्गाच्या कडेने येणाऱ्या गेलच्या मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनीमुळे शहर देशाच्या गॅस जाळ्याला जोडलं जातंय, आणि ज्यांच्या दारात पिवळा पाइप आला त्यांच्या घरी थोड्याच दिवसांत एक विषय हमखास निघतो. सिलिंडर संपायची चिंता गेली, तर मग गिझरही गॅसवर घ्यायचा का? वरच्या मजल्यावर धाकट्याच्या संसारासाठी दुसरी शेगडी बसवायची का? महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला अंगणात मोठी भट्टी लागते, तीही जोडून घ्यावी का?

सगळं जोडता येतं. पण कंपनी घरगुती कनेक्शन देते ते साधारण एक शेगडी धरून. मीटर त्या मापाचं, रेग्युलेटर त्या मापाचा, आणि मीटरपासून ओट्यापर्यंतचा पाइपही त्याच मापाचा. त्याच पाइपाला टी (फाटा काढायचा तीन तोंडांचा जोड) टाकून गिझर जोडला की डिसेंबरच्या सकाळी गिझर सुरू होताच कुकरखालची ज्योत बसते, नाहीतर गिझरच अर्ध्या आंघोळीत विझतो. म्हणून उपकरण दुकानातून आणण्याआधी कागद-पेन घेऊन बसा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि शाळेतल्या गुणाकार-भागाकारापलीकडे त्यात काही नाही.

बिल बघून अंदाज करू नका

बहुतेक जण हिशेबाची सुरुवात महिन्याच्या बिलापासून करतात. "आमचा गॅस महिन्याला बारा-पंधरा घनमीटर जळतो, गिझरचे सात-आठ वाढतील, त्यात काय एवढं." वापर किती वाढेल याचा हा अंदाज चुकीचा नाही. पंधरा लिटरची एक बादली पाणी 25 अंशांनी तापवायला, गिझरमधला वाया जाणारा भाग धरून, साधारण 440 किलोकॅलरी लागतात. एका घनमीटर गॅसमधून 8,500 किलोकॅलरीच्या आसपास उष्णता मिळते. म्हणजे एका घनमीटरात एकोणीस-वीस बादल्या. पाच माणसांच्या घरात रोज पाच बादल्या धरल्या तर महिन्याला सात-आठ घनमीटर, शेगडीच्या निम्मे.

पण पाइपला आणि मीटरला महिना कळत नाही. या क्षणाला ताशी किती गॅस मागितला जातोय एवढंच त्यांना कळतं. तीन बर्नरची शेगडी पूर्ण मोठी केली तरी ताशी 0.65 घनमीटरच्या आसपास घेते. सहा लिटरचा छोटा गिझर एकटाच ताशी 1.2 घनमीटर घेतो, म्हणजे बिलात शेगडीच्या निम्मा आणि पाइपमध्ये शेगडीच्या जवळपास दुप्पट. घराचं माप ठरतं ते सगळ्यात घाईच्या पंधरा मिनिटांवरून.

यादी करा आणि सगळं एका मापात आणा

घरात आज जे आहे आणि पुढच्या पाच-दहा वर्षांत जे येऊ शकतं, ते सगळं लिहा. प्रत्येकासमोर त्याची ताकद किलोवॅटमध्ये मांडा. ती उपकरणाच्या पट्टीवर किंवा माहितीपत्रकात असते. शेगडीच्या पट्टीवर कधी किलोवॅटऐवजी ग्रॅम प्रति तास असा एलपीजीचा वापर दिलेला असतो, तेव्हा त्या आकड्याला 80 ने भागा, किलोवॅट मिळतात. 240 ग्रॅमचा बर्नर म्हणजे 3 किलोवॅट. किलोकॅलरी प्रति तास दिले असतील तर 860 ने भागा.

किलोवॅटवरून घनमीटर काढणं फारच सोपं आहे. एका घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण 10 किलोवॅट-तास उष्णता असते, तेव्हा किलोवॅटला दहाने भागलं की ताशी घनमीटर मिळतात. कंपनीच्या कागदांवर हाच आकडा एससीएम, म्हणजे स्टँडर्ड क्युबिक मीटर, म्हणून दिसेल.

पट्टी पुसली गेली असेल तर हे आकडे धरून चाला:

लहान बर्नर: 1.2 ते 1.7 किलोवॅट
मधला बर्नर: 2 ते 2.5 किलोवॅट
मोठा बर्नर: 3 किलोवॅट, काही नव्या शेगड्यांत 4 पर्यंत
सहा लिटरचा गिझर: 12 किलोवॅट
दहा लिटरचा गिझर: 20 किलोवॅट
अंगणातली मोठी भट्टी: 8 किलोवॅट आणि पुढे, इथे पट्टी वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

गिझरचा "सहा लिटर" म्हणजे मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा. सहा गुणिले पंचवीस, मिनिटाला 150 किलोकॅलरी, तासाला 9,000. धुरांड्यातून जाणारी उष्णता धरून पंधरा टक्के वाया गेली असं मानलं तर बारा किलोवॅटच्या थोडं वर जातं. नागपुरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरतो आणि गच्चीवरच्या टाकीतलं पहाटेचं पाणी पंधराच्या आसपास असतं. त्यात पंचवीस मिळवले की चाळीस, म्हणजे आंघोळीचं पाणी. एका न्हाणीघराला सहा लिटर पुरतो. दोन न्हाणीघरांत एकाच वेळी गरम पाणी हवं असेल तरच दहा लिटरचा विचार करा. दुकानदार "थोडा मोठाच घ्या" म्हणेल, पण त्या चार लिटरसाठी ताशी आणखी 0.8 घनमीटर लागतो, आणि त्यापायी मीटर बदलण्याची वेळ येऊ शकते.

मीटरकडून खरा आकडा घ्या

पट्टीवरच्या आकड्यावर भरवसा नसेल तर मीटर खरं सांगतं. घरगुती मीटरवर आधी काळे अंक आणि शेवटी तीन लाल अंक असतात. काळे घनमीटर दाखवतात, लालमधला शेवटचा अंक लिटर. घरातलं बाकी सगळं बंद करा, एका मोठ्या बर्नरवर पाण्याचा गंज ठेवा, ज्योत पूर्ण मोठी करा आणि लाल अंक लिहून घ्या. बरोबर दहा मिनिटांनी पुन्हा वाचा. समजा 412 वरून 462 झाले, तर दहा मिनिटांत 50 लिटर, तासाला 300 लिटर, म्हणजे 0.3 घनमीटर. तो बर्नर 3 किलोवॅटचा.

मीटरजवळ उभे आहातच तर आणखी एक बघा. सगळ्या कळा बंद करून आकडा लिहा आणि अर्ध्या तासाने परत बघा. एक लिटरही पुढे गेला असेल तर कुठेतरी गळती आहे. नवं काही जोडण्याचा विचार तिथेच थांबवा आणि कंपनीला फोन करा.

कोण कोणाबरोबर चालतं

आता घरातल्या माणसांना विचारून बघायची गोष्ट. कोणती उपकरणं एकाच वेळी चालतात?

एक घर धरू. त्रिमूर्तीनगरसारख्या भागातलं स्वतःचं, दोन मजली. खाली तीन बर्नरची शेगडी (6.5 किलोवॅट), वर दोन बर्नरची नवी शेगडी (4.5), वरच्या न्हाणीघराबाहेर सहा लिटरचा गिझर (12) आणि मागच्या अंगणात एक भट्टी (8). बेरीज 31 किलोवॅट, म्हणजे ताशी 3.1 घनमीटर.

भट्टी आणि गिझर मात्र या घरात क्वचितच एकत्र पेटतील. महालक्ष्म्या भाद्रपदात येतात. त्या दिवशी पुरण, आंबील, सोळा भाज्या, आणि जेवायला येणारी पंगत. दोन्ही शेगड्या आणि भट्टी दुपारपर्यंत अखंड चालतात, पण तेव्हा नागपुरात गरम पाणी कोणी मागत नाही. ती बेरीज 19 किलोवॅट, 1.9 घनमीटर. जानेवारीतली सकाळ वेगळी. गिझर चालू, खाली डबे, वर चहा-पोहे, भट्टी बंद. ती बेरीज 23 किलोवॅट, 2.3 घनमीटर. म्हणजे या घराची खरी घाईची वेळ जानेवारीतले सकाळचे साडेसात.

घरात तीन-चारच उपकरणं असतील तर "सगळे बर्नर कुठे एकदम चालतात" म्हणून आणखी कपात करू नका. अशी सूट मोठ्या इमारतींच्या हिशेबात देतात, कारण तिथे शंभर घरांच्या वेळा एकमेकींत मिसळून जातात. एका घरात तसं होत नाही. सगळ्यांना नऊच्या आत बाहेर पडायचं असतं.

मीटर पुरेल का

घरगुती कनेक्शनला बहुधा जी 1.6 मापाचं मीटर बसवतात. मीटरच्या तोंडावरच ते छापलेलं असतं, आणि शेजारी क्यू मॅक्स, म्हणजे ताशी कमाल प्रवाह. जी 1.6 चा कमाल प्रवाह 2.5 घनमीटर, जी 2.5 चा 4 आणि जी 4 चा 6. जी पुढचा आकडा कमाल प्रवाह समजून गोंधळू नका. कमाल प्रवाह क्यू मॅक्ससमोरचाच.

आपल्या घराची गरज 2.3, मीटर 2.5 चं. कागदावर बसतं, पण मी यावर समाधान मानणार नाही. कमालीच्या चार पंचमांशापर्यंत, म्हणजे 2 घनमीटरपर्यंत आपली घाईची वेळ बसली तर मीटर आहे ते ठेवा. त्याच्या वर गेली तर अर्जात मोठं मीटर मागा. मीटरच्या आधीच्या रेग्युलेटरवरही कमाल प्रवाह लिहिलेला असतो. मीटर मोठं आणि रेग्युलेटर जुनाच, असं झालं तर खर्च वाया जातो, म्हणून दोन्ही आकडे एकत्र तपासून घ्या.

फ्लॅट स्कीममध्ये राहणाऱ्यांनी एवढंच बघून थांबू नये. तिथे इमारतीचा उभा पाइप सगळ्यांचा असतो. एका मजल्यावरच्या चारही घरांनी एकाच हिवाळ्यात गिझर घेतले तर त्या पाइपवरचा भार बराच वाढतो. सोसायटीच्या बैठकीत विषय काढा, किती घरांना गिझर हवा याची यादी करा आणि कंपनीला एकत्र पत्र द्या. एकेकट्याने मागण्यापेक्षा ते उपयोगाचं ठरतं.

पाइप: इथे वेळ घ्या

मीटर बदलायला एक दुपार पुरते. पाइप मात्र एकदा भिंतीवर चढला की पंचवीस-तीस वर्षं हलत नाही. म्हणून माझा आग्रह असा की मीटरचं माप एकत्र चालणाऱ्या उपकरणांवरून ठरवा, पाइपचं माप मात्र सगळ्यांच्या पूर्ण बेरजेवरून. पाइप मोठा घेतल्याचा जास्तीचा खर्च मजुरीच्या मानाने किरकोळ असतो.

घरात गॅस 21 मिलिबार दाबाने येतो. हा दाब फारच कमी आहे. पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवून, पाणी भरून गॅसला लावली तर दोन्ही बाजूंच्या पाण्यात जेमतेम एकवीस सेंटिमीटरचा फरक दिसतो. तंत्रज्ञ दाब असाच मोजतात. इतक्या कमी दाबात पाइपच्या घर्षणात फार काही घालवून चालत नाही. मीटरपासून सगळ्यात लांबच्या उपकरणापर्यंत 1 मिलिबारच्या आत घट राहावी, असं धरून पाइपचं माप काढतात.

ही घट दोन गोष्टींवर झपाट्याने बदलते. प्रवाह दुप्पट झाला की घट जवळपास चौपट. आणि पाइप थोडा जरी रुंद केला तरी फरक मोठा पडतो: अर्धा इंचीऐवजी पाऊण इंची घेतला तर तेवढ्याच घटीत दुपटीपेक्षा जास्त गॅस जातो.

जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपसाठी, 1 मिलिबार घट धरून, ताशी किती घनमीटर नेता येतो याचा अंदाज:

6 मीटर लांबी: अर्धा इंची 2.8, पाऊण इंची 6.5
12 मीटर लांबी: अर्धा इंची 1.9, पाऊण इंची 4.5
15 मीटर लांबी: अर्धा इंची 1.7, पाऊण इंची 3.9
20 मीटर लांबी: अर्धा इंची 1.4, पाऊण इंची 3.3

तांब्याचा 15 मिलिमीटर पाइप असेल तर त्याला अर्धा इंची जीआयच्या बरोबरीचा समजू नका. त्याचं माप बाहेरून घेतात, आतली पोकळी कमी असते, आणि तो 12 मीटरवर 1.3 घनमीटरच्या आसपासच नेतो.

लांबी म्हणजे टेपने मोजलेली लांबी अधिक वळणं. प्रत्येक एल्बो आणि प्रत्येक टी मागे अर्धा मीटर मिळवा. आपल्याकडे सज्जा, खिडकी आणि ड्रेनेजचा पाइप चुकवत नेताना सहा-आठ एल्बो सहज लागतात. म्हणजे तीन-चार मीटर नुसते वळणांचे.

आता आपल्या घराचा नकाशा. मीटर समोर वॉल कंपाउंडच्या आतल्या भिंतीवर. तिथून मुख्य पाइप 9 मीटर जाऊन स्वयंपाकघराबाहेर येतो. तिथे खालच्या शेगडीला आणि अंगणातल्या भट्टीला फाटे. मग 5 मीटर वर जाऊन वरच्या शेगडीला फाटा. शेवटी 3 मीटर पुढे गिझर. सगळ्यात लांबचा गिझर: 9 अधिक 5 अधिक 3, सतरा मीटर. वाटेत सहा एल्बो-टी, त्यांचे तीन. एकूण 20 मीटर.

नियम सोपा आहे आणि सुरक्षित बाजूचा आहे: सगळ्यात लांबच्या उपकरणाची लांबी घ्यायची आणि प्रत्येक तुकड्यासाठी तीच ओळ वाचायची. म्हणजे या घरासाठी फक्त 20 मीटरची ओळ.

मीटर ते स्वयंपाकघराबाहेरचा फाटा: इथून सगळ्यांचा गॅस जातो, 3.1. अर्धा इंची 1.4 नेतो, नापास. पाऊण इंची 3.3 नेतो, चालेल.

तिथून वर: दुसरी शेगडी आणि गिझर, 0.45 अधिक 1.2, म्हणजे 1.65. अर्धा इंची थोडक्यात नापास, पाऊण इंचीच घ्यावा लागेल. मिस्त्री इथे हमखास म्हणेल की एवढ्याशा फरकाने काही होत नाही. ऐकू नका.

गिझरचा शेवटचा तुकडा 1.2, वरच्या शेगडीचा 0.45, खालच्या शेगडीचा 0.65, भट्टीचा 0.8. हे चारही अर्धा इंचीत बसतात.

हेच सगळं अर्धा इंचीत केलं आणि चारही उपकरणं एकदम चालवली तर गिझरपर्यंत जवळपास तीन मिलिबार दाब जातो. गिझर पेटेल, पण पाणी कोमट येईल, आणि कोणी खाली बर्नर चालू-बंद केला की पाण्याची धग खाली-वर होईल. तोटी दुरुस्त करून, गिझर बदलून हा त्रास जात नाही, कारण दोष मुळात पाइपचा असतो.

पाइप नेताना आणखी काही पथ्यं. भिंतीच्या आत गाडू नका. भिंत ओलांडायची तिथे स्लीव्ह, म्हणजे बाहेरून मोठ्या पाइपाचा तुकडा, घालून ओलांडा. फॉल्स सीलिंगच्या वर किंवा बंद कपाटातून नेऊ नका. विजेच्या बोर्डापासून आणि वायरिंगपासून अंतर ठेवा. पाण्याचे सीपीव्हीसी पाइप गॅसला चालत नाहीत. प्रत्येक उपकरणाच्या आधी स्वतंत्र कळ हवीच, भट्टीला तर दोन: एक फाट्याच्या तोंडाशी घराजवळ, एक अंगणात. भट्टी वर्षातून चार वेळा लागते, उरलेले दिवस तो फाटा घराजवळूनच बंद राहिला पाहिजे, आणि अंगणातल्या टोकाला धातूचं टोपण बसलं पाहिजे. रबरी नळी अंगणात वर्षभर टांगून ठेवू नका. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात ती तडकते.

हवा

पाइपच्या हिशेबापेक्षा मला या भागाची जास्त काळजी वाटते, कारण इथली चूक माणसाच्या जिवावर येते.

एक घनमीटर नैसर्गिक वायू पूर्ण जळायला साधारण दहा घनमीटर हवा लागते. सहा लिटरचा गिझर ताशी 1.2 घनमीटर गॅस जाळतो, म्हणजे त्याला ताशी बारा घनमीटर हवा हवी. आता पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंचीचं न्हाणीघर घ्या. त्यात एकूण हवा 280 घनफूट, म्हणजे आठ घनमीटर. दार-खिडकी बंद असेल तर ती सगळी हवा चाळीस मिनिटांत गिझरमधून जाऊन निघेल. त्याच्या फार आधी, दहा-पंधरा मिनिटांतच, हवेतला ऑक्सिजन उतरतो आणि ज्योत अर्धवट जळायला लागते. अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढण्याआधी माणूस खाली बसतो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, आणि त्यात बहुतेक वेळा घरच्यांना वाटलेलं असतं की आंघोळीला उशीर लागतोय.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघरात बसवायचा नाही. छोटी खिडकी आहे, एक्झॉस्ट पंखा आहे, यावर जाऊ नका. थंडीत लोक तीच खिडकी बंद करतात, आणि बंद खोलीतला एक्झॉस्ट पंखा गिझरच्या धुरांड्यातून येणारा धूरच आत ओढू शकतो. गिझर बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत, सज्ज्याखाली किंवा गच्चीच्या जिन्यापाशी लावा आणि गरम पाण्याचा पाइप आत न्या. पाण्याचा पाइप तीन मीटर लांबला म्हणून फार तर थोडं थंड पाणी आधी वाहून जाईल. काच लावून बंद केलेली बाल्कनी "बाहेर" धरता येत नाही, तिथे धुरांडं काचेपलीकडे काढावंच लागतं.

स्वयंपाकघरात दुसरी सवय बदलायची आहे. एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून आपण खालून हवा खेळती ठेवायला शिकलो. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका आहे, हवेच्या साधारण 0.6 पट. तो छताशी जमतो. स्वयंपाकघराला वरच्या बाजूला, शक्यतो छताला लागून, कायम उघडी जाळी असली पाहिजे. उन्हाळ्यात कूलरची हवा राहावी म्हणून तिच्यावर पुठ्ठा लावायची पद्धत अनेक घरांत आहे. तो पुठ्ठा आजच काढा.

एलपीजीचं उपकरण तसंच जोडू नका

एलपीजी आणि पाइप गॅस यांचा दाब वेगळा (एलपीजी 30 मिलिबार, पाइप गॅस 21) आणि तेवढ्याच आकारमानातली उष्णताही वेगळी. एलपीजीच्या शेगडीचं जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं छिद्र, बारीक असतं. ते पाइप गॅसवर लावलं तर ज्योत मरतुकडी येते. म्हणून कंपनीचा माणूस कनेक्शन देताना जेट बदलतो. उलटं केलं, म्हणजे पाइप गॅसचं जेट बसवलेली शेगडी पुन्हा सिलिंडरवर लावली, तर ज्योत पिवळी, मोठी आणि धोक्याची होते. जुनी शेगडी गावी पाठवताना हे आठवणीने सांगा.

गिझरमध्ये नुसतं जेट बदलून भागत नाही. पाइप गॅससाठी बनलेलंच मॉडेल घ्या, आणि खोक्यावर "पीएनजी" किंवा "नैसर्गिक वायू" छापलेलं डोळ्यांनी बघा. जुन्या एलपीजी गिझरमध्ये फेरफार करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. भट्टीचंही तेच. बाजारातल्या बहुतेक भट्ट्या सिलिंडरच्या जास्त दाबावर चालणाऱ्या असतात. 21 मिलिबारवर चालेल अशी नसेल तर ती घरच्या लाइनला जोडूच नका. लांब पोळीच्या मटक्याखाली ती नीट तापतच नाही, आणि मग कोणीतरी रेग्युलेटरला हात लावायला जातं.

घरून डबे किंवा मेस चालवत असाल तर घरगुती कनेक्शनवर भार वाढवून घेऊ नका. घरगुती दराचा गॅस घरच्या स्वयंपाकासाठी असतो. धंद्यासाठी व्यावसायिक कनेक्शन वेगळं मिळतं, मीटरही त्या मापाचं.

अर्ज, काम आणि चाचणी

मीटर आणि त्याच्या आधीचं सगळं कंपनीचं. मीटरनंतरचा पाइपही कंपनीच्या किंवा तिने नेमलेल्या ठेकेदाराकडूनच वाढवायचा. ओळखीचा प्लंबर कितीही हुशार असला तरी त्याच्याकडून टी टाकून घेऊ नका.

अर्जासोबत तुमचा कागद जोडा: उपकरणांची यादी, प्रत्येकाचे किलोवॅट, एकत्र चालणाऱ्यांची बेरीज, आणि हाताने काढलेला घराचा नकाशा, त्यावर लांबी आणि वळणं. "गिझरसाठी पॉइंट हवा" एवढंच लिहिलं तर जवळचा अर्धा इंची पाइप फोडून पॉइंट दिला जाईल. "ताशी 1.2 घनमीटरचा पॉइंट, मीटरपासून 20 मीटर" असं लिहिलं तर समोरच्याला मापाचा विचार करावाच लागतो. ठरावीक लांबीपुढच्या पाइपचे, मोठ्या मीटरचे आणि जादा अनामतीचे पैसे किती, हे काम सुरू होण्याआधी लेखी घ्या.

काम झाल्यावर दाबाची चाचणी तुमच्यासमोर व्हायला हवी. लाइनमध्ये हवा भरून, मापक लावून, ठरलेला वेळ काटा हलत नाही हे बघायचं. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. काडी पेटवून गळती शोधणाऱ्याला तिथेच थांबवा.

शेवटची चाचणी तुमची. खालची शेगडी पूर्ण मोठी, वरचीही मोठी. आता गिझरचा नळ सोडा. एक माणूस वर, एक खाली. गिझर पेटताना खालच्या ज्योतीकडे बघा: किंचित दचकून पुन्हा उभी राहिली तर ठीक. निळी ज्योत बसून बुटकी राहिली, तर पाइपचं माप चुकलंय, आणि ठेकेदार घरात असतानाच ते दाखवून द्या. सगळं चालू असतानाच तंत्रज्ञाला गिझरच्या तोंडाशी दाब मोजायला सांगा आणि मीटरच्या तोंडाशी आलेल्या दाबाशी ताडून बघा. फरक 1 मिलिबारच्या आत असला पाहिजे.

नवं घर बांधताय, बेसा किंवा वर्धा रोडकडे, आणि तिकडे लाइन अजून आली नसेल, तर स्वतःहून गॅसचे पाइप टाकून ठेवू नका. कंपनी ते बहुधा स्वीकारत नाही. त्याऐवजी समोरच्या भिंतीवर मीटरला मोकळी, सावलीतली जागा सोडा. तिथून स्वयंपाकघरापर्यंत आणि वरच्या बाल्कनीपर्यंत शक्य तितकी सरळ वाट ठेवा, आणि स्लॅब-भिंतीत दोन इंची स्लीव्ह घालून ठेवा. वाट सरळ ठेवली की एल्बो कमी लागतात.

शेगडीमागची रबरी नळी आयएस 9573 छाप असलेली, दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि पाच वर्षांनी बदलायची. बसवल्याची तारीख ओट्याखाली पेंटने लिहा. उपकरणांच्या यादीची एक प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीटरच्या पेटीत ठेवा. पुढच्या वेळी कोणी नवं काही जोडायला येईल तेव्हा त्याला आधी तो कागद वाचायला द्या.